अंगावरून वारं गेल्यानंतर: घरच्यांनी या चुका टाळा

पक्षाघाताचा पेशंट घरी आला की सगळं घर हातापायांच्या मागे लागतं. मालिश, व्यायाम, चेंडू दाबणं. आमच्याकडेही तेच. बाबांचा डावा हात थोडा हलू लागला म्हणून आम्ही खुशीत, आणि बाबा मात्र रोज ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच ठेवून विचारायचे, "आज कोशिंबीर नाही केली?" आई चिडायची. दाढीही उजव्याच गालाची व्हायची.

हे नखरे समजणं ही आमची पहिली चूक. दुसरी, चष्म्याचा नंबर काढून आणणं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की नजर शाबूत असूनही डावी बाजू ध्यानातच येत नाही. थेरपिस्टच्या सांगण्यावरून ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. आधी पट्टी दिसेपर्यंत मान डावीकडे वळवायची, मग पहिला घास. हळूहळू कोशिंबीर संपू लागली. रस्ता मात्र अशा माणसाला एकट्याने ओलांडू देऊ नका. डावीकडून येणारी रिक्षा त्याच्या हिशेबातच नसते.

इजा डाव्या भागाला असेल तर बऱ्याच जणांची भाषा अडते. ओळखीतल्या एक काकू रामरक्षा अख्खी म्हणतात, पण पाणी हवं असलं की "ते... ते..."च्या पुढे गाडी जात नाही. घरचे म्हणतात, रामरक्षा येते, मग हे नाटक कशाला? अहो, पाठ झालेलं, सुरातलं बोलणं बऱ्याचदा टिकतं. नवं वाक्य जुळवणं जातं. ओरडून उपयोग नाही, कान ठीक आहेत. टीव्ही बंद करा, हो-नाही एवढंच उत्तर लागेल असं विचारा आणि थांबा. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलणं तर नकोच. बरंच समजत असतं.

रडण्याबाबत दोन गोष्टींची गल्लत होते. जाहिरात बघून हुंदके आणि मिनिटभरात पुन्हा पूर्ववत, हा मेंदूचा ब्रेक सैल झाल्याचा प्रकार. "रडू नका" म्हणत बसू नका, विषय बदला. पण दोन आठवडे झोप-भूक उडालेली, व्यायामाला नकार, नातवंडांतही रस नाही, तर नैराश्य असू शकतं. साधारण तिघांपैकी एकाला ते गाठतं. औषध आहे, फक्त मनाने सुरू किंवा बंद करू नका, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. "जगून काय करू" असं बोलले तर त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

बोलण्या-वागण्यात अचानक फरक पडला तर "चालायचंच" म्हणू नका. थेट हॉस्पिटल.

आणि तपासणीला जाताना वही न्या. डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं, तर बाबा म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास!" आपल्याला काही झालंय हेच न उमगणं, हाही त्या इजेचाच भाग. मी वही पुढे सरकवली. तारखा, वेळा, आणि मोबाइलवर अर्ध्या दाढीचा फोटो.