डच जोडशब्द: आधी सांधा शोधा, मग तोंड उघडा

नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आल्यावर पहिले काही महिने माझं एकच रडगाणं, शब्द पाठ आहेत, ग्रामरही बरं आहे, पण मी डचमध्ये तोंड उघडलं की समोरचा लगेच इंग्लिशवर येतो. शेवटी क्लासच्या बाईंनी सांगितलं, तू सगळी अक्षरं सारख्याच जोरात म्हणतोस. मराठीत खपतं हो ते, इथे नाही खपत.

नियम तसा सोपाय. दोन शब्द जोडले की जोर बहुतेक वेळा पहिल्यावर. फीट्सपाट म्हणजे सायकलचा रस्ता, त्यात फीट्स ठासून आणि पाट हळू. झीकनहाउस म्हणजे हॉस्पिटल, तिथे जोर झीवर. आणि गंमत बघा, नवीन माणसाला रजिस्ट्रेशनसाठी सगळ्यात आधी जिथे जावं लागतं ते स्टाटहाउस, म्हणजे नगरपालिकेची इमारत, नेमकं नियम मोडतं, तिथे जोर हाउसवर.

पण खरी मेख जोर नाही, सांधा आहे, म्हणजे दोन शब्द जिथे जुळतात ती जागा. वर्गात मोठ्याने वाचताना मी मासा-खबेट म्हटलं, म्हणजे सामूहिक प्रार्थना, आणि शब्द होता मसाझ-बेट, मसाजचा पलंग 😀 स्पेलिंग तेच, फक्त कुठे तोडलं एवढाच फरक. तसंच फाल-काउल म्हणजे खड्ड्याचा सापळा, पण फाल्क-आउल असं तोडलं तर ससाणा आणि घुबड.

आपण घरकाम वाचताना घर्-काम म्हणतो, घ-रकाम कधीच नाही, कारण सांधा कुठेय ते कानाला माहीत असतं, डचमध्ये तोच कान तयार करायचा. आवोंट म्हणजे संध्याकाळ, त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ड आहे, अनेकवचनात तो ऐकू येतो, आवोंडं, पण रात्रीचं जेवण म्हणताना आवोंट-एटं, पुढे स्वर असूनही ट तो टच, कारण पहिला शब्द तिथे संपला.

क्रियापदांत तर अर्थच फिरतो. फोरकोमं, जोर फोरवर तर घडणं, कोवर तर टाळणं. आजार होतो आणि आजार टाळतो यात गोंधळ झाला तर डॉक्टरसमोर काय होईल बघा.

मी काय केलं, तर लहान मुलांच्या बातम्या, एनओएस येउख्टजुर्नाल, रोज लावायचो, आणि काही वाचताना मोठा शब्द दिसला की पेन्सिलने सांध्यावर रेघ. अडलं तर खरूनं बुक्या, म्हणजे डच स्पेलिंगची अधिकृत यादी, तिच्या ऑनलाइन आवृत्तीत शब्द टाका, अक्षरं तोडून दाखवतात, फुकट आहे.