चटई अंथरण्याआधी: सशस्त्र संघर्षानंतर गावपातळीवर समेट कसा घडवावा

आग्नेय आशियातील तिमोर-लेस्ते या देशात दोन घराण्यांतला तंटा मिटवायचा असेल, तर जुनीजाणती माणसे मोठी चटई अंथरतात, पान-सुपारी होते, आणि विषयाचा निकाल लागेपर्यंत ती चटई गुंडाळली जात नाही. तेतुम भाषेत या रीतीला 'नाहे बिति बोट', म्हणजे मोठी चटई अंथरणे, असे म्हणतात. १९९९ नंतर या चटईवर फार मोठा भार आला. त्या वर्षी ३० ऑगस्टच्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियापासून स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला, आणि निकाल लागताच इंडोनेशियन लष्कराच्या पाठबळावर उभ्या असलेल्या मिलिशियांनी, म्हणजे हत्यारबंद टोळ्यांनी, गावेच्या गावे जाळली. त्या वर्षात चौदाशेच्या आसपास माणसे मारली गेली आणि सुमारे अडीच लाख लोक सीमेपलीकडे इंडोनेशियाच्या पश्चिम तिमोरमध्ये पळाले किंवा जबरदस्तीने नेले गेले. पुढे जे परतले, त्यांच्यात घर गमावलेलेही होते आणि घर जाळणारेही, आणि दोघांची पाणवठ्याची वाट एकच होती.

तिथल्या सत्यशोधन व समेट आयोगाने २००२ ते २००४ या काळात जी सामुदायिक समेटाची प्रक्रिया चालवली, तिच्यात १,३७१ जणांनी आपल्या गावासमोर कबुली देऊन समेट पूर्ण केला आणि या बैठकांना एकूण सुमारे चाळीस हजार लोक उपस्थित राहिले. पुढील मार्गदर्शन मुख्यतः त्या अनुभवावर आधारलेले आहे. त्याचा गाभा एकच आहे: बैठकीचा दिवस हा कामाचा सर्वांत लहान भाग असून, समेट टिकतो की मोडतो हे त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत ठरते.

काय चटईवर आणायचे नाही, हे प्रथम ठरवावे

तिमोरच्या नियमांनुसार चोरी, किरकोळ मारहाण, जाळपोळ, गुरे मारणे, पिकांची नासधूस अशी कृत्ये गावापुढे येऊ शकत होती; खून, बलात्कार आणि छळ मात्र येऊ शकत नव्हते. समेटासाठी येणाऱ्याचा लेखी जबाब आधी महाअभियोक्त्याच्या, म्हणजे देशाच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, कार्यालयाकडे जात असे, आणि त्यात गंभीर गुन्ह्याची छाया नाही अशी खात्री झाल्यावरच बैठक ठरत असे. ही सीमारेषा गावकऱ्यांनी बैठकीत ठरवायची गोष्ट नाही. ती आधी, लेखी आणि गावाबाहेरच्या कायदेशीर अधिकाराच्या साक्षीने ठरली पाहिजे, कारण आपल्यातल्याच बलदंड घराण्याला 'तुमचा गुन्हा इथे मिटणार नाही' असे तोंडावर सांगण्याची ताकद गावापाशी क्वचितच असते. महाराष्ट्रात २००७ पासून राबवल्या गेलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत ज्यांनी मनापासून काम केले, त्यांना हा पेच परका वाटणार नाही: 'गावातच मिटवू' या शब्दांचा अर्थ 'दुबळ्याने गप्प बसावे' असा होऊ द्यायचा नसेल, तर काय मिटवायचे नाही याची यादी आधी भिंतीवर लागली पाहिजे.

बोलावणे कोणी धाडावे

इथे केनियाचा दाखला अधिक उपयोगी आहे. ईशान्य केनियातील वाजीर भागात १९९०च्या दशकाच्या आरंभी दुष्काळ पडला आणि सोमाली कुळांमधील हत्यासत्र इतके चिघळले, की बाजारातही एका कुळाच्या स्त्रिया दुसऱ्या कुळाकडे माल विकेनाशा झाल्या. देखा इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या सोबतच्या काही स्त्रियांनी शांततेवर भाषणे न करता त्या बाजारापासूनच सुरुवात केली. बाजार सर्व कुळांच्या स्त्रियांसाठी खुला राहील एवढेच त्यांनी आधी पाहिले, आणि मग त्या कुळांच्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांचे सूत्र एका लहान कुळातील ज्येष्ठाकडे देण्यात आले, कारण गुरे, पाणी आणि सत्ता यांच्या झगड्यात त्या कुळाचा वाटा सर्वांत कमी होता. या खटपटीतूनच १९९३ मध्ये कुळांमधील शांततेचा अल फताह जाहीरनामा झाला. देखा यांना पुढे २००७ मध्ये राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. सुरुवात अशा जागेपासून करावी जिथे दोन्ही बाजूंना रोज यावेच लागते, मग तो बाजार असो, विहीर असो वा पिठाची गिरणी. आणि निमंत्रक असा असावा, की ज्याच्या जिंकण्याची कोणालाच भीती वाटत नाही. बाहेरून आलेल्या संस्थेच्या कार्यकर्त्याने निमंत्रक होऊ नये; त्याने सतरंज्या उचलाव्यात, नोंदी ठेवाव्यात आणि वाहनाची सोय पाहावी.

आधी पीडितांच्या घरी जावे

बहुतेक प्रयत्न इथेच चुकतात. परत येऊ पाहणाऱ्याला गरज असते, म्हणून तो पहिल्यांदा दार ठोठावतो, आणि सारी प्रक्रिया नकळत त्याच्या सोयीने चालू लागते. तिमोरच्या प्रक्रियेवरील टीकेतला सर्वांत गंभीर भाग हाच आहे, की कबुली देणाऱ्याला कायदेशीर मोकळीक मिळाली, पण ज्याचे घर जळाले त्याच्या हाती अनेकदा माफीच्या शब्दांपलीकडे फार काही पडले नाही, आणि साऱ्या गावादेखत त्याला 'नाही' म्हणणे अवघड झाले.

म्हणून पीडित कुटुंबाला किमान तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी आणि गाजावाजा न करता भेटावे. स्त्रियांना स्त्री कार्यकर्तीनेच, आणि शक्यतो घरातील पुरुष शेतावर असताना भेटावे. पहिल्या भेटीत फक्त ऐकावे. दुसऱ्या भेटीत विचारावे: तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे? काय परत हवे आहे? त्या दिवशी तुमच्या शेजारी कोण बसावे? तिसऱ्या भेटीत स्पष्ट शब्दांत सांगावे, की नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्या नकाराचे कारण कोणी विचारणार नाही आणि तो चारचौघांत सांगितलाही जाणार नाही. कोणी नकार दिला, तर त्या प्रकरणाची बैठक होऊ नये. बाकीचे गाव तयार असले तरीही होऊ नये.

कबुलीची भाषा

तिमोरमध्ये जबाबात केलेले कृत्य, त्याची जबाबदारी आणि त्याचा राजकीय संघर्षाशी असलेला संबंध या तिन्ही गोष्टी नोंदवाव्या लागत. जबाब लिहून घेणाऱ्याने क्रियापदांवर बारीक नजर ठेवावी. मराठी माणसाला हे सहज समजेल, कारण आपल्याकडे 'घर जळाले' आणि 'मी घर जाळले' यांत एका मात्रेचे अंतर वाटते, पण पहिल्या वाक्यात दोषी कोणीच नसतो. 'चूक झाली', 'वेळच तशी होती', 'आमच्या हातून घडले' ही कबुली नव्हे. कोणाचे घर, कोणत्या दिवशी, सोबत कोण होते, हुकूम कोणी दिला, आणि लुटलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले, इतके तपशील आल्याशिवाय जबाब पुरा झाला असे मानू नये. हुकूम देणाऱ्याचे नाव विशेष जपून, स्वतंत्र नोंदवहीत ठेवावे. तिमोरमध्ये चटईवर बसले ते बहुतांशी खालच्या फळीतले लोक, तर त्यांना कामाला लावणारे बरेचसे सीमेपलीकडेच राहिले. गाव त्यांना जाब विचारू शकत नाही. न्यायालय उद्या विचारू शकेल, यासाठी ही नोंद हवी.

बैठकीचा दिवस

पंच तीन ते पाच असावेत आणि त्यांत स्त्री असलीच पाहिजे. तिमोरमध्ये 'लिया-नाइन', म्हणजे परंपरेचा शब्द जपणारे ज्येष्ठ, विधी करून पूर्वजांना साक्षीला बोलवत. आपल्या गावात जी साक्ष लोक खरोखर मानतात तीच घ्यावी, बाहेरून आणलेली नव्हे. मान्यवरांची भाषणे नकोत, हार-तुरे नकोत, छायाचित्रे तर मुळीच नकोत. आधी कबुली, मग पीडितांचे प्रश्न, मग गावकऱ्यांचे, आणि शेवटी पंचांची चर्चा हा क्रम मोडू देऊ नये. एखाद्याला प्रश्न विचारताना रडू आले, तर थांबावे आणि पाणी द्यावे. पण दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने बोलू नये. मिठी मारण्याचा किंवा पाया पडण्याचा आग्रह कोणी धरला, तर पंचांनी तो तिथल्या तिथे थांबवावा. वेळेचे बंधन घालू नये. एकाच दिवशी अनेकांची प्रकरणे असली, की तिमोरमध्ये बैठका रात्रीपर्यंत चालत, म्हणून जेवणाची आणि दिव्यांची सोय आधी करावी.

करारनामा

जाहीर माफी, ठरावीक दिवसांची गावकामे, प्रार्थनास्थळाची किंवा शाळेची दुरुस्ती, जनावर किंवा हातमागावरील 'ताइस' वस्त्र देणे, अशा स्वरूपाचे प्रायश्चित्त तिमोरमध्ये ठरे. करारावर सह्या होऊन तो जिल्हा न्यायालयात नोंदवला जाई, आणि त्यातील अटी पुऱ्या केल्यावरच त्या कृत्यांपुरती खटल्यापासून मोकळीक मिळे. जिथे असा कायदा नाही, तिथे मोकळिकीचे आश्वासन कोणीही देऊ नये. तो अधिकार गावाचा नाही. करारात 'मदत करीन' असे न लिहिता छपराचे किती पत्रे, किती दिवस, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे लिहावे.

आपल्या गडचिरोलीचाही विचार इथे मनात येतो. शस्त्र खाली ठेवणाऱ्यासाठी शासनाची आत्मसमर्पण योजना आहे आणि ती हवीच. पण तो व्यवहार शासन आणि ती व्यक्ती यांच्यातला असतो, आणि ज्या गावाने माणसे गमावली ते गाव त्यात पक्षकार नसते. ग्रामसभेला त्यात स्थान कसे देता येईल, हा प्रश्न तिथल्या ग्रामसभांनीच हाती घ्यावा असे मला फार वाटते.

नंतरचे महिने

सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ चे यादवी युद्ध संपल्यानंतर 'फांबुल टोक' या उपक्रमाने गावोगाव शेकोटीभोवती कबुली आणि क्षमेचे मेळावे घेतले. दोनशे गावांचा एक अभ्यास २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्याचा निष्कर्ष प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे: अशा मेळाव्यांनी क्षमाभाव आणि परस्परसंबंध वाढले, पण त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि आघातोत्तर मानसिक त्रासही वाढला. गाव जवळ आले, माणसे आतून दुखावली. यावरून समेट करू नये असे ठरत नाही. पण बैठकीनंतर कोणाच्या घरी कधी जायचे, हे बैठकीची तारीख ठरवतानाच ठरवले पाहिजे. पहिल्या आठवड्यात रोज एकाने पीडित कुटुंबाकडे चक्कर मारावी, पुढे सहा महिने पंधरा दिवसांतून एकदा तरी जावे, आणि झोप, जेवण, कामात लक्ष याविषयी साधेपणाने विचारावे. जवळच्या दवाखान्यात मनाच्या आजाराची जाण असलेले कोण आहे, याची चौकशी आधीच करून ठेवावी. सिएरा लिओनमधील सामुदायिक शेते आणि स्त्रियांचे गट यांसारखे एखादे सामायिक काम सुरू करता आले तर उत्तम, कारण सोबत खुरपणी करणाऱ्यांना भेटीचे निमित्त शोधावे लागत नाही.

करारनाम्याची एक प्रत पीडित कुटुंबाकडे, एक पंचांकडे आणि एक गावाबाहेर सुरक्षित ठेवावी. अटींची तारीख उलटल्यावर पंचांपैकी दोघांनी त्या घरी जाऊन छपरावर पत्रे खरोखर बसले आहेत का, ते डोळ्यांनी पाहावे आणि ते पाहिल्यावरच करारावर 'पूर्ण' असा शेरा मारावा.