सत्तरी-सांग्याच्या आडवाटांवर फिरताना या चुका टाळा

किनारा सोडून सत्तरी, सांग्यासारख्या आतल्या गोव्याच्या तालुक्यांत येणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि ते चांगलंच आहे. देवळं, गुंफा, देवराया, कुळागरांमधून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांमधून, जाणाऱ्या अरुंद वाटा, हे सगळं बघण्यासारखंच आहे. पण येणारा प्रत्येक नवा गट त्याच चुका करतो, आणि त्यांची किंमत जागेला आणि गावाला मोजावी लागते. जवळजवळ प्रत्येक चुकीच्या मुळाशी घाई असते.

एका दिवसात पाच ठिकाणं

सकाळी हरवळे, मग नार्व्याचं सप्तकोटेश्वर, दुपारी तांबडी सुर्ला, संध्याकाळी नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी. असा बेत घेऊन निघालेल्यांना मी सरळ सांगतो, दोन ठिकाणं निवडा आणि बाकीची सोडा. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळात लोक दहा मिनिटं थांबतात आणि धबधबा कुठे आहे ते विचारतात. १२व्या-१३व्या शतकातलं हे कदंबकालीन देऊळ काळ्या बेसाल्टचं आहे. आजूबाजूला बघाल तर सगळा जांभा. हा दगड इथे आला कुठून, हा प्रश्न पडायलाही थोडा वेळ तिथे बसावं लागतं. मंडपाच्या छतातलं कमळ मान वर केल्याशिवाय दिसत नाही. खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलेला आहे, तो वाकल्याशिवाय दिसत नाही. देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणून मी सकाळीच जातो. तेव्हा उजेड आत येतो आणि गर्दीही नसते.

कोरीव चित्रांवर खडू

याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून जास्त आकृत्या कोरलेल्या आहेत. बैल आहेत, हरणं आहेत, माणसं आहेत, आणि ते प्रसिद्ध वेढ्यांवर वेढे असलेलं चक्रव्यूहासारखं वर्तुळ आहे. पुरातत्त्व खात्याने १९९३मध्ये या जागेची नोंद घेतली. त्याआधी गावातली माणसं हे गुराख्यांचं काम समजत.

दुपारी बारा वाजता गेलात तर काहीच दिसत नाही. ऊन डोक्यावर असतं, कोरीव रेघेत सावली पडत नाही, आणि समोर नुसता खडबडीत कातळ. मग अधीर माणसं खडू काढतात. एका दुपारी मी तिथे असताना कॉलेजातली मुलं आली. एकाच्या खिशात खडूची पेटी तयारच होती. मी पलीकडे वर्तुळापाशी होतो. उठून त्यांच्यापर्यंत पोचेतो त्यांनी एका बैलाच्या रेघा भरून टाकल्या होत्या, आणि त्या बैलाला पाच पाय झाले होते. कातळातली एक नैसर्गिक भेग त्यांना पाय वाटली होती. मी समजावलं. मुलं वाईट नव्हती, ओशाळली, पण फोटो निघून पुढे गेलेला होता. पुढच्या मोसमात एक कुटुंब मोबाइलवर तोच फोटो दाखवत मला विचारत होतं, "दादा, हा पाच पायांचा बैल कुठे आहे?"

खडूचा खरा धोका हाच आहे. जांभा सच्छिद्र असतो, पूड त्यात मुरते, ते नुकसान आहेच. शिवाय पहिल्याने चुकीची ओढलेली रेघ दुसरा गिरवतो, आणि हजारो वर्षं टिकलेल्या चित्रावर आपला अंदाज चढतो. कोळसा, चुना, रांगोळी, नखाने खरवडणं, सगळं त्यातच आलं.

माझी सवय सांगतो. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास किंवा मावळायच्या आधीचा शेवटचा. ऊन तिरपं येतं आणि रेघा आपोआप उठून दिसतात. ढग असतील तर टॉर्च जमिनीलगत आडवा धरायचा. चपला बाजूला काढायच्या आणि आकृत्यांच्या मधल्या कोऱ्या कातळावरूनच चालायचं. पावसाळ्यात नदी फुगली की कातळावर पाणी आणि गाळ येतो, तेव्हा जाऊच नका.

मोबाइलच्या नकाशावर विश्वास

सांगे आणि धारबांदोड्यात खनिजाच्या ट्रकांसाठी केलेले रस्ते अजून नकाशावर दिसतात. २०१२मध्ये खाणी थांबल्यानंतर त्यातले कितीतरी रस्ते रानाने गिळले, काही थेट पाण्याने भरलेल्या खंदकाच्या काठावर जाऊन संपतात. नकाशाला ते कळत नाही. नेत्रावळीकडे एका संध्याकाळी भाड्याच्या स्कूटरवरचं एक जोडपं असंच फिरत फिरत एका कुळागरात शिरलं. मी ओळखीच्या त्या घरी चहाला बसलो होतो. पोरगा फोन पुढे करून म्हणत होता की रस्ता दाखवतोय, इथूनच जातो. घरच्या आजीने त्याचा फोन बघितलाही नाही. "फुडें वाट ना रे पुता," एवढंच म्हणाली आणि त्यांना पाणी दिलं. काळोख पडत होता, नेटवर्क नव्हतं, पुढे व्हाळ म्हणजे ओढा होता. तिच्या मुलाने मोटारसायकलने त्यांना मुख्य रस्त्यापर्यंत सोडलं.

तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात थांबा आणि विचारा. विचारण्याचीही पद्धत आहे. "हा रस्ता अमुक ठिकाणी जातो ना?" असं विचारलं की भला माणूस मन राखायला हो म्हणतो. "तिथे कसं जायचं?" असं विचारा, म्हणजे तो खरी वाट सांगेल. वाड्याचं नाव विचारून घ्या आणि पुढच्या घरी पुन्हा खात्री करा. कुळागर ही कुणाच्या तरी पोटापाण्याची जागा आहे, तिथून जायचं तर आधी हाक मारायची. काजूच्या मोसमात पडलेला बोंडूही (काजूचं फळ) विचारल्याशिवाय उचलू नका.

देवराईत बागेसारखं वागणं

केरीची आजोबाची राय असो की बांबरची निरंकाराची राय, तिथलं सुकलेलं पानही गाव बाहेर नेत नाही. निरंकाराच्या रायीत दलदलीतून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं दिसतात. ती रानटी जायफळाच्या कुळातल्या झाडांची श्वासमुळं आहेत, फोटोसाठी उभं राहायचे ओटे नाहीत. चपला बाहेर, आवाज हळू. रायीचं रक्षण करणाऱ्या देवावर, राखणदारावर, तुमचा विश्वास असो नसो, या रायी अजून उभ्या आहेत त्या तो मानणाऱ्या माणसांमुळे.

वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीच्या दगडावर, बसू नका. पिंपळाखाली किंवा देवळामागे पडलेला कोरीव दगड दिसला तर खालून वर वाचा. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे बसलेला वीर.

ड्रोन घरी ठेवा.

पाऊस आणि गोचीड

धबधब्याला निघण्याआधी वनखात्याची बंदी आहे का ते बघा. बंदी असेल तर आडवाटेने पोचवणारा "गाइड" शोधू नका. डोंगरावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही व्हाळाचं पाणी काही मिनिटांत चढतं. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा वाहू लागला की ताबडतोब काठावर या, पलीकडे राहिलेल्या बॅगेसाठी परतू नका.

कोरड्या दिवसांत वेगळी काळजी. २०१५पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि डिसेंबर ते मे हे दिवस जास्त धोक्याचे. हाफ पँट घालून सुक्या पानांवर बसणारे गट बघितले की मला राहवत नाही, मी जाऊन उठवतो. लांब पँट, पायमोजे पँटीवर चढवलेले, बसायला कातळ किंवा प्लास्टिकचा कागद. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि अंग नीट तपासून अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. नंतरच्या दोन आठवड्यांत ताप आणि जोराची डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की सत्तरीच्या रानात गेलो होतो.