दहा मीटर एअर पिस्तुलासाठी छर्रे कसे निवडावेत

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या खारघरपर्यंत अनेक घरांत हा खेळ चर्चेला आला. नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलामुलींचे पालक पिस्तूल कोणते घ्यावे, याची बारकाईने चौकशी करतात. छर्रे मात्र दुकानात जे मिळतील ते घेतले जातात. काही महिने हे चालूनही जाते. पुढे गुण एका जागी अडकले की नेमबाज आपल्या ट्रिगरवर, उभे राहण्यावर, श्वासावर शंका घेऊ लागतो आणि दोष कधी कधी छर्र्यांच्या डबीत असतो. छर्रा कोणता चांगला, हे डबीवरचे नाव ठरवत नाही; ते पिस्तुलाची नळी ठरवते. तिचे म्हणणे पद्धतशीर कसे विचारायचे, ते या लेखात सांगितले आहे.

आधी कायद्याविषयी. काही देशांत हौशी नेमबाज काडतुसे घरी भरतात आणि त्यांसाठी बंदुकीची दारू निवडण्याचे मोठे शास्त्र आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून त्या वाटेला जाऊ नये. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल साधारण ५ ते ६ ज्यूल ऊर्जेने छर्रा सोडते, म्हणजे ते या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. आपल्याकडच्या पिस्तूल नेमबाजाला दारूगोळ्याची जी काही निवड करता येते, ती या शिशाच्या छर्र्यातच.

आकार आणि वजन

दुकानात टोकदार, गोल डोक्याचे आणि सपाट डोक्याचे असे छर्रे दिसतात. दहा मीटरसाठी फक्त सपाट डोक्याचे घ्यावेत. सपाट डोके कागदी टार्गेटला स्वच्छ, गोल भोक पाडते. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि मग गुण ९ की १० यावर वाद होतो. टोकदार छर्रा जास्त अचूक असेल, असे अनेकांना वाटते, पण या अंतरावर त्याचा काहीही फायदा नाही.

वजनात मुख्यतः दोन गट आहेत. पिस्तुलासाठीचे हलके छर्रे ०.४५ ते ०.४९ ग्रॅमच्या आसपास असतात आणि रायफलसाठीचे जड छर्रे ०.५३ ग्रॅमच्या आसपास. पिस्तुलाची हवा कमी जोराची असल्याने हलका छर्रा नळीतून लवकर बाहेर पडतो आणि तेवढ्या वेळात हात हलण्याची शक्यता थोडी घटते, म्हणून सुरुवात हलक्यापासून करावी. तरीही हा नियम दगडावरची रेघ नाही. जड छर्रा एखाद्या नळीत अधिक नीट बसतो, आणि तसे चाचणीत दिसले तर तोच वापरावा.

आरडब्ल्यूएस, एच अँड एन आणि जेएसबी या कंपन्यांचे स्पर्धेच्या दर्जाचे छर्रे आपल्याकडच्या रेंजवर परिचित आहेत. आरडब्ल्यूएसचे आर टेन मॅच किंवा एच अँड एनचे फिनाले मॅच हे वरच्या श्रेणीत येतात, तर आरडब्ल्यूएसचेच माइस्टरकुगेल्न रोजच्या सरावाला परवडणारे आहेत. डबीवर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असा आकडा असेल तर तो छर्र्याच्या डोक्याचा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असला तरी नळीतल्या आट्यांत, म्हणजे आतून कोरलेल्या पीळदार खाचांत, छर्रा घट्ट बसतो की सैल, हे त्यावर अवलंबून असते.

निवडीची वेळ आली आहे का

इथे थोडे गणित करावे, कारण ते केले नाही तर पैसे वाया जातात. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्र्याने रेषेला नुसता स्पर्श केला तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरवर गेला तरी १० गुण पक्के. आता चांगला छर्रा पिस्तूल पक्के बांधून मारला असता सगळी भोके मिळून बाहेरून बाहेरपर्यंत ७ मिलिमीटरची जागा घेत असतील, तर छर्र्यामुळे होणारी चूक मध्यापासून साधारण सव्वा मिलिमीटर. नळीला न मानवणारा छर्रा तीच जागा १३ मिलिमीटर करतो आणि चूक सव्वाचार मिलिमीटरपर्यंत जाते. नेमबाजाच्या वाट्याला असलेल्या आठ मिलिमीटरांपैकी निम्म्याहून अधिक छर्र्यानेच खाल्ले.

पण ज्याचे शॉट अजून सातच्या वर्तुळापर्यंत, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटरच्या काळ्या भागात सगळीकडे पडत आहेत, त्याला या तीन मिलिमीटरांनी काही फरक पडणार नाही. त्याने एक मध्यम दर्जाचा छर्रा ठरवून घ्यावा आणि सगळे लक्ष ट्रिगरवर द्यावे. क्लबचे पिस्तूल वापरणाऱ्यालाही चाचणीचा उपयोग नाही, कारण आज एक पिस्तूल हातात येते, उद्या दुसरे, आणि एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांनासुद्धा वेगवेगळे छर्रे मानवतात. स्वतःचे पिस्तूल असेल आणि बहुतेक शॉट नऊ-दहात पडू लागले असतील, तेव्हा पुढचे वाचावे.

चाचणी

तीन किंवा चार प्रकारचे छर्रे निवडावेत, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकाची एकेक डबी घ्यावी आणि डबीच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला छापलेला लॉट क्रमांक, म्हणजे एका वेळी बनलेल्या खेपेचा क्रमांक, वहीत लिहून ठेवावा. शक्य असल्यास एखादा छर्रा दोन वेगळ्या लॉटमधला घ्यावा. दोन कंपन्यांमधल्या फरकाइतकाच फरक कधी कधी एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये दिसतो.

पिस्तूल बेंच व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंजात, पक्के धरून मारणे, ही उत्तम पद्धत आहे. ज्या रेंजवर ती सोय असेल तिथे हे काम प्रशिक्षकाकडून किंवा पिस्तूल दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून करून घ्यावे, कारण पिस्तुलाच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर किंवा नळीवर चुकीच्या जागी दाब आला तर नुकसान मोठे होते. ती सोय नसेल तर टेबलाशी बसून, मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवून मारावे. यात हाताची चूक थोडी मिसळते, तरी छर्र्यांची आपसांत तुलना करायला ते पुरेसे असते.

छर्रा बदलला की पहिले दहा-वीस शॉट मोजू नयेत. आधीच्या छर्र्याचा शिशाचा पातळ थर नळीत असतो आणि नवा छर्रा स्थिरावायला तेवढे शॉट जातात. त्यानंतर दहा शॉटचा एक ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, असे प्रत्येक छर्र्याचे किमान तीन ग्रुप काढावेत. पाच शॉटच्या एकाच सुंदर ग्रुपवर विश्वास ठेवू नये. तसा ग्रुप योगायोगाने कुठल्याही छर्र्याचा येतो, आणि तोच फोटोत काढून सगळ्यांना पाठवला जातो. सगळ्या ग्रुपमध्ये दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहावे. निवड करताना सर्वांत लहान ग्रुप पाहू नये, सर्वांत मोठा पाहावा. ज्या छर्र्याचे तीनही ग्रुप सात-आठ मिलिमीटरच्या आत राहतात, तो एका सहाच्या आणि एका अकराच्या ग्रुपवाल्यापेक्षा केव्हाही चांगला, कारण स्पर्धेतले साठ शॉट आपल्याला सोयीचे तेवढेच निवडता येत नाहीत.

मधल्या काळात सिलिंडरमधला दाब पाहत राहावे. हवा संपत आल्यावर मारलेला ग्रुप खाली घसरतो आणि दोष बिचाऱ्या छर्र्यावर येतो.

निकाल अगदी जवळजवळ आले तर स्वस्त आणि सहज मिळणारा छर्रा घ्यावा. हे माझे ठाम मत आहे. अर्ध्या मिलिमीटरसाठी दुर्मीळ डब्यांमागे धावण्यापेक्षा त्याच पैशांत जास्त सराव होतो.

लॉट, पावसाळा आणि शिसे

पसंत पडलेल्या लॉटच्या जमतील तितक्या डब्या लगेच घ्याव्यात. वरच्या श्रेणीचे छर्रे आयात होतात आणि दुकानात पुढच्या खेपेला तोच लॉट येईल, याची खात्री नसते. स्पर्धेच्या हंगामासाठी हा साठा राखून सरावाला त्याच वजनाचा साधा छर्रा वापरला तरी चालते.

हा साठा टिकवणे आपल्या भागात सोपे नाही. ठाणे आणि वाशीच्या खाडीलगतच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, उघड्या राहिलेल्या डबीतल्या शिशावर पांढुरकी भुकटी धरते. असे छर्रे स्पर्धेत वापरू नयेत आणि बोटांनी चोळून साफही करू नयेत, कारण ती भुकटी विषारी असते. डब्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या पुड्या मधूनमधून बदलाव्यात.

पिस्तुलात भरताना छर्र्याचा मागचा घेर उजेडात पाहावा. तो पोकळ आणि पातळ असल्याने जरा कुठे आपटला तरी चेपतो, आणि चेपलेल्या बाजूने हवा निसटून शॉट भरकटतो. जमिनीवर पडलेला छर्रा उचलून पुन्हा भरू नये. एकदा मारलेला तर कधीच नाही.

सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला किंवा चहाच्या कपाला हात लावू नये, छर्रे ओठांत धरून ठेवण्याची सवय मुलांना लागू देऊ नये, आणि रेंजवरचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. लहान मुलांच्या शरीरात थोडेसे शिसेही घातक ठरते, म्हणून घरी डब्या कुलपात असाव्यात.

साठ्यातल्या शेवटच्या दोन डब्या उरल्या की नव्या लॉटची चाचणी सुरू करावी. जुना लॉट हाताशी असतानाच नव्याचे ग्रुप त्याच्या शेजारी मोजता येतात.