पैसे कामाचे की ओळखीचे? निवेदन घेऊन वर जाण्याआधी

मागच्या वर्षी केळीच्या कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या बागेची, लावणी चालू होती. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात पारावर बैठक बसली. केळीच्या फळपीक विम्याची भरपाई अडकली होती. बाहेरगावचा एकजण म्हणाला, “मुंबईत वरपर्यंत माझी ओळख आहे. एकरी 500 जमवा. निम्मे आता, निम्मे काम झाल्यावर.” बऱ्याच जणांचे हात खिशाकडे गेले. मी विचारलं, “दादा, हे पैसे कशाचे? कागद करायचे की ओळखीचे?” तो म्हणाला, “ताई, ओळखीचेच समजा.”

असा माणूस तुमच्या गावात आला तर पहिला प्रश्न हाच विचारा. अर्ज लिहिणं, हिशेब मांडणं, वकिलाचा सल्ला, प्रवासखर्च याचे पैसे द्यायला हरकत नाही; पावती घ्या. पण अधिकाऱ्यानं गैरमार्गानं किंवा अप्रामाणिकपणे काम करावं म्हणून स्वतःचं वजन वापरायचे पैसे घेणं हा गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली कलम 7अ आलं, त्यात मध्यस्थाला 3 ते 7 वर्षं कैद आणि दंड आहे. लाच देणाराही सुटत नाही. मात्र बळजबरीनं द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवा, मग तो गुन्हा धरत नाहीत. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064.

आपल्याकडे लॉबिस्टांची, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यासाठी सरकारदरबारी शब्द टाकणाऱ्यांची, नोंदणी करायचा कायदा नाही, ना राज्याचा, ना केंद्राचा. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो, त्यानं तिथलं सांगितलं. निर्णय आपल्या बाजूनं वळावा म्हणून आमदार-अधिकाऱ्यांशी थेट बोलायचे महिन्याला 2,000 डॉलर किंवा जास्त घेतो, तो तिथं लॉबिस्ट. त्यानं नोंदणी करायची, हिशेब जाहीर करायचा, महिन्याला 10 डॉलरवरची भेट कोणाला द्यायची नाही. आणि ‘काम झालं तर पैसे’ असा ठराव तिथं चालतच नाही! पारावरचा तो “निम्मे काम झाल्यावर” मला लगेच आठवला. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून तो आपणच गावात पाळायचा.

मग निवेदन कसं न्यायचं? आम्ही केलं ते सांगते. एकच पान. वर विषय, खाली गट नंबर, क्षेत्र, विमा हप्ता भरल्याची तारीख. ही भरपाई हवामानावर ठरते; तापमान, वारा यांचे आकडे महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचे हवेत, म्हणून ते माहितीच्या अधिकारात मागितले. महाराष्ट्रात हा अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर लिहायचा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. उत्तराची मुदत 30 दिवस. पुढं निवेदन तालुका कृषी कार्यालयात दिलं. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, हे मी सगळ्यांना बजावलं होतं.

आमदारांकडे तेच पान, पोचेची झेरॉक्स जोडून, अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या. तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) मांडायला त्यांना हातात आकडे लागतात. सोबत जाणारे तिघंचौघं बागवालेच असावेत. बाग ज्याची, त्यानंच बोलावं.

आमच्या वहीत निवेदन नेण्याचा खर्च लिहिलाय: एसटीची तिकिटं, झेरॉक्स, टायपिंग. ज्यानं वर्गणी दिली त्या प्रत्येकाची त्याखाली सही आहे.