सिस्टिमडीच्या युनिट फाइलमधल्या या चुका टाळा

लिनक्सवर आपले ॲप्लिकेशन सिस्टिमडीच्या, म्हणजे सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, हवाली करताना बहुतेक जण कुठूनतरी दहाबारा ओळींची युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची हे सांगणारी फाइल, उचलतात आणि सर्व्हिस एकदा चालली की हात झटकतात. सर्व्हर रीबूट करून मात्र कोणी पाहत नाही.

युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स’ लिहिले म्हणजे क्रमही ठरला, ही समजूत सर्वांत महागात पडते. ‘रिक्वायर्स’ने दुसरी सर्व्हिस हवी एवढेच कळते, ती आधी हवी, हे ‘आफ्टर’ने सांगावे लागते, नाहीतर दोन्ही एकाच वेळी सुरू होतात. आमच्याकडे एका रात्री वीज जाऊन आली आणि डेटाबेस आपले लॉग वाचून सावरत असतानाच ॲप्लिकेशनने जोडणी मागितली, ती नाकारली गेली आणि ते बंद पडले. बंद पडल्यास पुन्हा सुरू करायला सांगणारी ‘रीस्टार्ट’ची ओळ होती, पण आपण काही न सांगितल्यास दोन प्रयत्नांत 100 मिलिसेकंदांचेच अंतर राहते आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झाले की सिस्टिमडी नाद सोडते, त्यामुळे डेटाबेस सावरण्याआधीच सगळे प्रयत्न संपले. सकाळी हाताने सुरू करताच सर्व्हिस निमूट चालली, म्हणून दोष युनिट फाइलचा आहे हे पटायला आम्हाला आणखी एकदा वीज जावी लागली.

यावर ‘स्लीप 30’ (30 सेकंद थांबण्याची कमांड) घालणे हा उपाय नव्हे, अंदाजपंचे कारभार आहे: डेटाबेसला उशीर झाला तर ती 30 सेकंदे अपुरी पडतात आणि एरवी प्रत्येक वेळी वाया जातात. मी ‘वॉन्ट्स’ (‘रिक्वायर्स’चेच सौम्य रूप) आणि ‘आफ्टर’ जोडीने लिहितो, आणि ‘रीस्टार्टसेक’, म्हणजे दोन प्रयत्नांतले अंतर, 5 सेकंद ठेवतो, म्हणजे ती पाचाची मर्यादा गाठलीच जात नाही. सर्व्हिसचा ‘टाइप’ जर ‘सिंपल’ असेल, तर प्रोसेस जन्मली की सिस्टिमडीच्या लेखी सर्व्हिस सुरू झाली. ती कामाला तयार आहे हे कळण्यासाठी ‘नोटिफाय’ लागतो आणि प्रोग्रामने तसा निरोप स्वतः द्यावा लागतो.

‘आफ्टर’मध्ये ‘नेटवर्क टार्गेट’ लिहिले म्हणजे नेटवर्क मिळाले असे नव्हे. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन’ आहे, आणि तेही ‘वॉन्ट्स’ व ‘आफ्टर’ दोन्हींत लिहावे. युनिट फाइल बदलल्यावर ती सिस्टिमडीला पुन्हा वाचायला लावणारी ‘डीमन-रीलोड’ कमांड विसरू नये. टर्मिनलवर चालणारी कमांड सर्व्हिसमध्ये चालत नाही ही तक्रार तर मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिला प्रश्न ‘बॅशआरसी’चाच (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगांच्या फाइलचाच) विचारतो, कारण सिस्टिमडी ती फाइल वाचतच नाही. पॅकेजसोबत आलेली युनिट फाइल थेट बदलणाऱ्यांचे बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात, म्हणून आपले बदल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणारी ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ कमांड वापरावी.