रॅम वाढवायची की नाही? पैसे मोजण्याआधी हे तपासा

संगणक रखडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) वाढव.’ कधी तो बरोबर निघतो, पण बऱ्याचदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! म्हणून आधी मोजायचं, खरेदीचं नंतर बघायचं.

1. ऐन कामात मोजा. संगणक नुकताच चालू केल्यावर घेतलेला आकडा काही कामाचा नाही. रोजचे सगळे प्रोग्रॅम आणि टॅब उघडा, अर्धा-पाऊण तास काम करा आणि संगणक अडखळू लागला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ बघा. वापर सतत 85-90 टक्क्यांच्या वर असेल तर संशयाला जागा आहे. ‘कॅश्ड’चा आकडा मोठा दिसला तर घाबरू नका, ती जागा विंडोज गरज पडताच मोकळी करते.

खालचा ‘कमिटेड’ हा आकडा जास्त बोलका. समजा रॅम 8 जीबी आहे आणि तिथे 13/18 दिसतंय. म्हणजे प्रोग्रॅमनी मिळून 13 जीबी मागून ठेवले आहेत, 18 ही मागण्याची कमाल मर्यादा. मागितलेलं सगळं वापरात असतंच असं नाही, पण जे रॅममध्ये मावत नाही ते डिस्कवर जातं. एक्सेलमधून ब्राउझरवर आलात, टॅब दोन सेकंद पांढराफटक राहिला आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख उसळला, तर रॅम खरंच अपुरी आहे. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला ‘मेमरी प्रेशर’चा आलेख बघा. तो हिरवा असेल तर विषय संपला.

2. दुसरा चोर शोधा. रॅम निम्मी रिकामी, पण डिस्क 100 टक्क्यांवर? यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. माझ्या मते जुन्या यंत्रासाठी याहून चांगला खर्च नाही. प्रोसेसरच 100 टक्क्यांवर असेल तर रॅम ओतून काही होणार नाही. आणि हो, संगणक सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद करून बघा. हा उपाय फुकट आहे.

3. वाढवता येते का? टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ पानावरच ‘स्लॉट्स यूज्ड’ (रॅमच्या किती खोबणी भरल्या आहेत) दिसतं. 1 ऑफ 2 असेल तर सहसा एक जागा मोकळी असते. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाख दिलेली असते, तिथे इलाज नाही. 2020 च्या शेवटी आलेल्या अॅपलच्या एम1 चिपपासूनच्या मॅकमध्येही ती नंतर वाढवता येत नाही. डीडीआर3, 4, 5 या रॅमच्या पिढ्या; डीडीआर4 च्या जागी डीडीआर5 बसत नाही, दोघांची खाच वेगळी असते. कमाल किती रॅम चालते ते यंत्राच्या मॅन्युअलमध्ये मिळेल.

4. आता हिशेब. 4 वरून 8 जीबी केल्यावर फरक लगेच जाणवतो. 8 वरून 16 हे पुष्कळ टॅब आणि मोठ्या फायली असणाऱ्यांना फायद्याचं. त्यापुढे मात्र व्हिडिओ एडिटिंग करत नसाल किंवा व्हर्च्युअल मशिन (संगणकातच चालणारा आभासी संगणक) वापरत नसाल तर खिसा सांभाळा. यंत्राचं वयही धरा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 न चालणाऱ्या यंत्रात डीडीआर3 रॅम घातलीत तर ती पुढच्या संगणकात नेताही येणार नाही. अशा वेळी तेच पैसे नव्या यंत्रासाठी बाजूला ठेवलेले बरे.

घ्यायचीच ठरली तर परत करता येईल अशी घ्या. बसवल्यावर विंडोजची ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चाचणी चालवा आणि पहिल्या पायरीतलं काम पुन्हा करून आकडे ताडून बघा.